सरबताच्या बाटलीतली साखर

मित्रांनो, मी एक जुनी परीक्षानळी आहे. काचेची, वीतभर लांब, तळाशी जरा काळवंडलेली. कोथरूडमधल्या एका छोट्या प्रयोगशाळेत राहते. माझ्यात आयुष्यभर लघवीच उकळली गेली आणि त्याची मला कणभरही लाज वाटत नाही. ज्यांना नाक मुरडायचे असेल त्यांनी खुशाल मुरडावे.

एके काळी माझा रुबाब होता. आमच्या तंत्रज्ञ उल्काताई माझ्यात निळे द्रावण ओतत, लघवीचे आठ थेंब टाकत आणि मला स्पिरिटच्या दिव्यावर धरत. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, विटकरी होत गेला तर आहे. मग रंगीत पट्ट्या आल्या. पट्टी बुडवली की मिनिटात उत्तर. काउंटरवरच्या तनुजाने माझ्यात पाणी भरले आणि मनीप्लांटची फांदी खोचली. असा संताप झाला म्हणून सांगू! मी काय फुलदाणी आहे?

एका सकाळी आमोद नावाचे गृहस्थ आपल्या सात वर्षांच्या सुरुचीला उचलून जिना चढून आले. तिचे पाय दुखत, गुडघ्यांपाशी वाकूही लागले होते, आणि उंची वाढत नव्हती. तिची लघवी त्यांनी घरून आणली होती, कोकम सरबताच्या बाटलीत. पट्टीने त्यात भरपूर साखर दाखवली. रक्तातली साखर मात्र अगदी व्यवस्थित.

"अहो, लघवी आणलीत की सरबत?" तनुजा म्हणाली.

"तीनदा विसळली होती हो बाटली," आमोद ओशाळून म्हणाले.

"मग चौथ्यांदा विसळायची. ताई, साखर बाटलीचीच. अहवालातली ही ओळ खोडून टाकू?"

ती ओळ खोडली असती, तर सुरुचीचे दुखणे तिथेच दडून राहिले असते.

"बाटलीवर आळ घ्यायचा तर आधी खात्री करू," उल्काताई म्हणाल्या. त्यांनी स्वच्छ डबी देऊन नवी लघवी घेतली. पट्ट्या नेमक्या संपलेल्या. तेव्हा त्यांनी माझ्यातली फांदी उपटली, मला घासूनपुसून दिव्यावर धरले. मी निळी होते. हिरवी झाले, पिवळी झाले आणि शेवटी विटकरी! ओरडता आले असते तर ओरडले असते, की बाटली निर्दोष आहे.

मित्रांनो, मूत्रपिंडातही नळ्या असतात, केसाहून बारीक, लाखो. लघवी तयार होताना शरीराला हवी असलेली साखर आणि क्षार त्या परत रक्तात ओढून घेतात. सुरुचीच्या नळ्यांना ते जमत नव्हते. साखरेबरोबर हाडांना लागणारे फॉस्फेटही वाहून जात होते, म्हणून पाय वाकत होते. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या करून ते पक्के केले. आता तिला रोज औषधे घ्यावी लागतात, कदाचित कायमची.

लघवी म्हटले की तुम्ही खिदळता. खिदळा! पण तपासायला सांगितली तर लाजू नका, स्वच्छ डबीत द्या. आणि अहवालात काही विचित्र दिसले तर ते खोडू नका, पुन्हा तपासा.

परवा सुरुची तपासणीला आली. कठडा धरून, पण जिना स्वतः चढून. तनुजा माझ्यात पुन्हा फांदी खोचत होती. सुरुचीने मला तिच्या हातातून काढून घेतले, स्टँडमध्ये ठेवले आणि उभ्या उभ्याच एक पाटी लिहून वर चिकटवली:

"ही नळी कामावर आहे. हिच्यात झाड लावू नये."