वेंडेलकाकाचे कान

बस असा माझ्या शेजारी, आणि बूट चुलीजवळ ठेव, सुकतील. आजच्या धुक्यात काही दिसणार नव्हतंच, मी सकाळीच म्हणलं होतं. रिकाम्या हातानं आलास म्हणून तोंड पाडून बसू नकोस. तुला एक गोष्ट सांगतो. हरणांच्या माजाच्या दिवसातलीच आहे, पण हरणापेक्षा माणसंच जास्त आहेत तिच्यात. आणि खरी आहे, कारण घोडागाडी मीच हाकत होतो.

वेंडेलकाका ह्या झेलित्सच्या डोंगरात एकतीस वर्षं शिकारी होता. सरकारी जंगलाचा, पगारी. पाहुणे बंदुका घेऊन यायचे, पण कुठला नर मारायचा आणि कुठला सोडायचा, ते काका ठरवायचा. तेही आवाजावरनं. सप्टेंबरात नर डुरकायला लागले की काका डोळे मिटायचा आणि सांगायचा, हा सहा वर्षांचा, ह्याला अजून वाढू दे. हा बारा वर्षांचा, ह्याला दमा लागलाय, हा चालेल. पाहुणे हसायचे. मग मेलेल्या नराचा जबडा उघडून दात बघितले की गप्प व्हायचे.

तर त्याच काकाचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी पाखरं गेली, मग घड्याळाची टिकटिक, मग काकूची हाक. हाक गेली ते काकूला लई दिवस कळलंच नाही, कारण तसाही तो पहिल्या हाकेला ओ देणारा माणूस नव्हता.

आदल्या सालीच एक घोळ झाला होता. काकानं म्हातारा म्हणून दाखवला आणि निघाला सात वर्षांचा. भरायला लागलेला, दोन्ही शिंगांच्या शेंड्याला फाट्यांचा मुकुट धरलेला. असा नर पाडणं म्हणजे आमच्यात पाप. तपासणीत लाल शेरा बसला. वरचे अधिकारी बार्ना साहेब, वयानं तरुण पण माणूस वाईट नव्हे, त्यांनी काकाला समोर बसवून सांगितलं, की पुन्हा कोवळा नर पडला तर त्याच दिवशी बंदूक जमा करायची आणि जंगलातलं घर सोडायचं. काकाला साठावं लागलं होतं. एवढा एक सप्टेंबर नीट काढायचा आणि मानानं घरी बसायचं, दुसरं काही त्याला नको होतं. कानाचं फक्त काकूला माहीत होतं. इलका तिचं नाव.

त्या साली पहिल्याच पहाटे काकू मांडीवर टोपली घेऊन गाडीत येऊन बसली. आता तुला माहीतच आहे, शिकारीला निघताना म्हातारी बाई आडवी आली तर आपली माणसं वाटेतनं परत फिरतात. आणि ही तर गाडीतच. मी म्हणलं, काकू, निदान तोंड तरी पलीकडं करून बसा.

"याकब, तुझ्या जन्माच्या वेळी दारात कुणी म्हातारी आली नव्हती," काकू म्हणाली, "तरी काय झालं ते बघतोयच आम्ही."

मी लगाम धरला.

पाहुणा हाइन्झल नावाचा, ऑस्ट्रियाचा, जनावरांचा डॉक्टर होता, म्हातारा आणि सभ्य. त्याला सांगितलं, काकाला रक्तदाब आहे, गोळ्या वेळेवर द्याव्या लागतात म्हणून बाई सोबत आहे. त्यानं टोपलीतल्या चरबीच्या खाऱ्या बिस्किटांकडं बघितलं आणि मान डोलावली. मग ते तिघं मचाणावर जायचे आणि मी खाली मोकळ्या जागेत घोडीजवळ थांबायचो.

त्यांचं ठरलेलं असं. पांघरुणाखाली काकूचा हात काकाच्या हातात. नर डुरकला की काकूनं हात दाबायचा. एकदा दाबला तर कोवळा, दोनदा दाबला तर म्हातारा. पुढचं बोलायचं काम काकाचं.

पाच पहाटा गेल्या. डोंगर नुसता घुमत होता, पण बंदूक एकदाही वाजली नाही. दर वेळी काका पाहुण्याला म्हणायचा, कोवळा आहे, सोडू. पाचव्या दिवशी हाइन्झलनं मला गाडीत हळूच विचारलं, की तुमच्या जंगलात कुणी म्हातारं होतच नाही का?

त्याच दुपारी मी घोडीचा साज उतरवत होतो तर काकू तबेल्यात आली. टोपली खाली ठेवली आणि तिच्यावरच बसली.

"याकब, मला काहीच कळत नाही रे," ती म्हणाली. "मला सगळे सारखेच ऐकू येतात. चूक नको म्हणून मी आपली एकदाच दाबते."

मी म्हणलं, मग सांगा ना काकाला.

"एकतीस वर्षं तो रोज घरी येऊन सांगायचा, आज कोण कसा डुरकला. मी बटाटे सोलत मान हलवायची. आता कुठल्या तोंडानं सांगू, की मी ऐकतच नव्हते?"

ती रडली नाही. टोपलीतली बिस्किटं तेवढी पार चेपली.

मग मीच सांगायचं ठरवलं. पण बहिऱ्या माणसाला गुपित सांगायचं म्हणजे अख्ख्या गावाला सांगण्यासारखं. म्हणून काकाला डोंगरातल्या माझ्या दारूच्या तळघरात नेलं, दार लावलं, आणि पिंपांच्या मधे उभा राहून ओरडून ओरडून सगळं सांगितलं. काका पिंपावर बसून माझ्या तोंडाकडं बघत होता. सांगून झालं तर हसला.

"मला वाटलंच होतं," म्हणाला. "एका डोंगरात एवढी कोवळी पोरं येणार कुठनं?"

मी परत ओरडलो, की मग बोलला का नाहीस?

काकानं पेल्यात वाइन ओतली. एक घोट घेतला. मग म्हणाला, "लई वर्षांनी तिनं हात धरला होता, याकब. मी काही बोललो असतो तर काढून घेतला असता."

मीही प्यायलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरावरनं चाललो होतो, तर स्वयंपाकघरातनं नर डुरकला. घोडीनं कान टवकारले. मी खिडकीतनं डोकावलो. काका बैलाचं पोकळ शिंग तोंडाला लावून उभा, तोंड लालबुंद, आणि काकू समोर खुर्चीवर, एक हात काकाच्या छातीवर ठेवून. काकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, पण तो त्याच्या गळ्यात बसलेला होता, एकतीस वर्षांचा. आधी कोवळा काढून दाखवला, लांब आणि साफ, शेवटी उगाच मिजास. मग म्हातारा. तोडून तोडून, आत घरघर, आणि शेवटी एक खोकला, जसं काही पुढचं बोलायचं राहून गेलं. काकू बोटं वर करायची, एक की दोन. चुकली की काका मान हलवायचा, परत शिंग तोंडाला. रश्श्याचं भांडं चुलीवर करपलं, कुणाचं लक्ष नाही. तीन दुपारी असं चाललं. शेजारचा बैल कुंपण मोडून अंगणात आला, तो शेजाऱ्यानं शिव्या देत नेला.

त्यानंतरच्या पहाटे धुकं होतं. आजच्यासारखंच, हात लांब केला तर बोटं दिसेनात. मी खाली घोडीचं तोंड धरून उभा. तेवढ्यात वरच्या ओकांच्या बाजूनं आवाज आला. तुटका, घोगरा, मग खोकला. घोडी थरथरली.

मचाणावरचं मला काकूनं नंतर सांगितलं. वर धुकं जरा विरळ, त्यात नुसती पाठ दिसत होती, शिंगांचा पत्ता नाही. हाइन्झल बंदूक धरून काकाकडं बघत होता. काकूनं हात दाबला. मग थांबली. तिला म्हणे त्या वेळी घर दिसलं, अंगणात तिनं लावलेलं झाड दिसलं, लाल शेरा दिसला. आणि तिनं दुसऱ्यांदा दाबला. काकानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

एकच गोळी वाजली.

बार्ना साहेब तासाभरात स्वतः आले, कारण ह्या वेळी त्यांना दात बघायचेच होते. जबडा उघडला. दाढा हिरडीपर्यंत झिजलेल्या. तेरा वर्षांचा, साहेब म्हणाले, जास्तच असेल. मग सगळ्यांनी टोप्या काढल्या. काकानं ओकची डहाळी मोडून नराच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास. तेव्हा कुणी बोलत नाही, तूही बोलू नकोस कधी.

दुसरी डहाळी रक्तात बुडवून काकानं हाइन्झलला दिली, त्यानं ती टोपीला लावायच्या आधी मोडली आणि अर्धी काकाच्या हातात दिली. रिवाजच आहे तसा, ज्यानं नर शोधून दिला त्याला अर्धी. काकानं ती गपचूप टोपीत खोचली असती तर विषय संपला होता. सप्टेंबर पार पडला असता, मानानं घरी बसला असता.

काका चालत गाडीपाशी आला आणि ती डहाळी काकूच्या डोक्यावरच्या रुमालात खोचायला लागला. काकू हात ढकलत होती, साहेब बघतोय म्हणून डोळ्यांनी दटावत होती. काकानं नीट खोचली, मागं होऊन बघितली, सरळ केली.

साहेबांनी विचारलं, हे काय? काकाला ऐकू गेलं नाही, पण साहेबांचं तोंड दिसलं.

"नर हिनं ओळखला, साहेब," तो म्हणाला. "मला दोन वर्षं झाली, ऐकू येत नाही."

साहेबांनी जबडा परत एकदा उघडून बघितला. मग म्हणाले, बहिऱ्याच्या हातात बंदूक ठेवता येत नाही, ती मला घ्यावी लागेल. काकानं खांद्यावरनं काढून दिली. साहेब गाडीकडं वळले, काकूच्या समोर उभे राहिले, आणि टोपी हातात घेऊनच विचारलं, की उद्या दुसरा पाहुणा येतोय, तुम्ही दोघं येणार का, बंदुकीशिवाय?

घर वसंतात सोडावं लागलं. नियम तो नियम. सामान मी दोन खेपांत खाली गावात आणलं. झाड आणता आलं नाही म्हणून काकू महिनाभर रुसली होती. पण पुढची चौदा सालं, दर सप्टेंबरात पहाटे, ती दोघं माझ्या गाडीत असायची. पांघरूण एकच.

आता माझी घोडी नाही आणि काकूचे गुडघे नाहीत. चर्चच्या पलीकडं निळ्या फाटकाचं घर आहे बघ, बाकावर दोघं बसलेली असतात. तू उद्या पहाटे परत वर जाणार ना? नर दिसो न दिसो, ऐकू तर येईलच. येताना तिथं थांब. काकाच्या कानात ओरडू नकोस, त्याला राग येतो. काकूला सांग, कुठल्या बाजूनं डुरकला, किती वेळा, शेवटी खोकला की नाही. घाई करू नकोस, सगळं सांग. तिचं ती त्याला सांगेल. एवढं कर माझ्यासाठी.