सत्तेचाळीस शेअर

"वीस हजार शेअर, गुणिले तीन हजार तेंगे. सहा कोटी! फ्लॅटची किंमतसुद्धा तेवढीच. न्यायाधीशांना आणखी काय हवं?" घटस्फोटाच्या दिवशी बोलातहान असं म्हणाला होता आणि रैहानने सही केली होती. अल्माटीच्या प्रसूतिगृहात सव्वीस वर्षं नर्स म्हणून राबलेली बाई ती. पडद्यावर भाव दिसतोय म्हणजे तो खराच, असं तिला वाटलं. ज्या सिमेंट कारखान्याचे ते शेअर, बोलातहान त्याचाच हिशेबप्रमुख. त्याला फ्लॅट मिळाला, तिला कागद.

सहा महिने ती बहिणीच्या घरी सोफ्यावर झोपली. मग शेअर विकून दोन खोल्या घ्याव्यात म्हणून येर्देन नावाच्या दलालाकडे गेली. त्याने तिचे कागद पाहिले आणि टकलावरून हात फिरवला.

"अप्के," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला, "हे विकायचे कुणाला?"

"बाजारात. तीन हजारला."

"कारखान्याचे शेअर एक कोटी. त्यातले सत्त्याण्णव टक्के एकट्या मालकाच्या मुठीत, ते तो कधीच विकत नाही. उरले तीन लाख. आम्ही त्याला फ्लोट म्हणतो, म्हणजे बाजारात फिरू शकणारे शेअर. आणि त्यातलेही बहुतेक म्हाताऱ्या कामगारांच्या कपाटात पडून आहेत. दिवसाला वीस-तीस शेअर हलले तरी खूप. हे बघा घेणारे: बारा शेअर एकोणतीसशेला, तीस एकवीसशेला, पाच चौदाशेला. पुढे कुणी नाही."

"म्हणजे माझ्या वीस हजारांतले सत्तेचाळीसच विकले जातील?"

"आणि तेवढ्यात भाव निम्म्याखाली येईल."

रैहानची कानशिलं तापली. "त्या मेल्याला हे माहीत होतं!"

"हिशेबप्रमुखाला नसेल तर कुणाला असेल?"

घरी येऊन तिने कारखान्याचा जाहीर अहवाल उघडला. रागाने झोप उडालेलीच होती. चार दिवस ती तो वाचत बसली. एका तळटीपेत लिहिलं होतं, की मालकाने नव्या भट्टीच्या कर्जापोटी आपले शेअर बँकेकडे गहाण ठेवलेत, आणि बाजारभाव दोन हजारांखाली गेला तर त्याला आणखी तारण द्यावं लागेल.

पाचव्या दिवशी ती येर्देनसमोर उभी. "वीक. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस. मिळेल त्या भावाला."

"नुकसान होईल, अप्के."

"माझं व्हायचं ते झालंय."

भाव चौदाशेवर आला. दुसऱ्या दिवशी कारखान्याकडून कुणीतरी थोडे शेअर घेऊन तो सव्वीसशेवर नेला. रैहानने पुन्हा विकून तो खाली आणला. आठवडाभर हेच.

त्या आठवड्यात एक म्हातारा काठी आपटत दलालाकडे आला. भट्टीवर तीस वर्षं काम केलेला जाक्सिलीक. "कोण ती बया, भाव पाडणारी? माझे साठ शेअर मातीमोल केले!"

"मीच ती, अता," आजोबांना हाक मारावी तशी रैहान म्हणाली. "पण तीन हजार असताना विकले का नाहीत?"

"विकायला गेलो होतो. घेणाराच नव्हता."

"मग मातीमोल मी कुठं केले? ते आधीच होते."

म्हातारा खुर्चीत बसला. "होते गं. पण पोरांना सांगायला तरी बरा होता तो आकडा."

राग बोलातहानवर होता आणि चटका या माणसाला बसला होता. तिने त्याचा फोन नंबर मागून घेतला.

सोमवारी बोलातहान रैहानच्या बहिणीच्या दारात आला. चहा विचारण्याआधीच ओरडला, "वेड लागलंय का तुला? बँकेने पत्र पाठवलंय! मालक माझ्या नरड्यावर बसलाय!"

"मग मालकाला म्हणावं, माझे शेअर घे. तूच म्हणाला होतास ना, सहा कोटींचे आहेत?"

"एवढा रोख पैसा कुठून आणणार तो?"

"बघ! तुझ्या मालकालाही परवडत नाहीत, आणि माझ्या गळ्यात घातलेस. सव्वीस वर्षं तुझी आईसुद्धा मीच धुतली-पुसली रे! फ्लॅट माझ्या नावावर कर, तुझे कागद घेऊन जा. जेवढे विकले, तेवढे कमी मिळतील. आणि जाक्सिलीक अता म्हणून आहेत, त्यांचे साठ शेअर मालकाने तीन हजारने घ्यायचे. आधी ते, मग माझी सही."

"तो म्हातारा तुझा कोण?"

"कुणी नाही. उद्या दहा वाजता बाजार उघडतो. मी तिथे असेन."

तो दार आपटून गेला. तीन दिवस तिने रोज विकले. चौथ्या दिवशी जाक्सिलीकचा फोन आला: पैसे जमा झाले होते. तो आभार मानत होता. तिने "चुकलं असेल तर माफ करा, अता," एवढंच म्हटलं.

नोटरीकडे बोलातहानने तिच्याकडे पाहिलंही नाही. सही करताना पुटपुटला, "तुला बाजारातलं ओ की ठो कळत नव्हतं."

"म्हणूनच फसवलंस ना?"

फ्लॅटची किल्ली फिरवून ती आत गेली तेव्हा पडदे गायब होते, स्वयंपाकघरातली शेगडी उचकटून नेलेली. रैहान रिकाम्या खोलीत उभी राहून मोठमोठ्याने, मनसोक्त शिव्या देत राहिली. मग बहिणीला फोन लावला, "बादली आणि पोछा घेऊन ये. आणि बाउरसाक तळलेस तर तेही आण, भूक लागलीय."