रिकाम्या खुंट्यांचा हिवाळा

मी एक जुनी खुंटाळी आहे, मित्रांनो. बर्चच्या लाकडाची. मॉस्कोतल्या एका सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केले आणि अंगावर पितळी खुंट्या बसवल्या. एका शाळेच्या कोटखोलीत माझे तारुण्य गेले. पुढे शाळा बंद पडली आणि माझ्यावर धूळ साचली.

मग देशाचा सगळा कारभारच बदलला. जुने अर्थशास्त्र उपयोगाचे राहिले नाही आणि नवे शिकवायला कोणी नव्हते. तेव्हा मोजक्या शिक्षकांनी एक नवे विद्यापीठ काढले. त्यांना स्वतःचे छप्पर नव्हते. जागेच्या मालकाने आमची शाळा त्यांना एका अटीवर दिली. हिवाळाभर वर्ग भरत राहिले तर जागा त्यांची, नाहीतर तिथे गोदाम होणार होते.

कोटखोली सांभाळायला झिनाईदा आर्खिपोव्ना आल्या. आमच्याकडे कोट घालून वर्गात बसणे म्हणजे चिखलाच्या पायांनी पंगतीत शिरण्यासारखे. कोट आधी बाईंच्या हाती द्यायचा. त्याला मानेशी अडकवायची नाडी नसली, की बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटे.

"नाडी कुठंय? कोट काय कानाला धरून टांगू?"

"तुटली, झिनाईदा आर्खिपोव्ना."

"देशाचा बाजार सावरायला निघालाय, अन् एक टाका घालता येत नाही!"

असे म्हणून त्या सुईदोरा पुढे करत. विद्यापीठाचे प्रमुख रोस्तिस्लाव गेन्नादियेविच यांनाही त्यांनी एकदा दारातच टाका घालायला लावला होता.

जानेवारीत खोल्या उबदार ठेवणारे गरम पाण्याचे नळ फुटले. खिडक्यांवर आतून बर्फ धरला. तरी मुले नेमाने कोट देत आणि वर्गात कुडकुडत बसत. एकेक जण आजारी पडू लागला. माझ्या खुंट्या रिकाम्या होऊ लागल्या. एका सकाळी ताईसिया नावाची विद्यार्थिनी कोट काढता काढता खोकू लागली. खोकला थांबेचना.

"राहू दे अंगावर," बाई म्हणाल्या.

मागे उभे असलेले रोस्तिस्लाव गेन्नादियेविच चकित झाले. "अहो, आणि तुमचा नियम?"

"नियमाचं मी बघते. तुम्ही पोरांचं बघा. अन् तो तुमचा कोटही घ्या परत. मोठे आलेत शूर!"

त्या दिवसापासून माझ्यावर एकही कोट आला नाही. मी लाकूडच, वाटले, सारे संपले. आठवडाभराने जागेच्या मालकाचा माणूस आला. माझ्याकडे पाहून तो खुशीत म्हणाला, "उठला वाटतं बाजार! बरं झालं, उद्याच पेट्या आणतो."

"आणा की," बाई म्हणाल्या. "पण आधी वर वर्गांत डोकावून या."

तो वर गेला आणि लगेच खाली उतरला.

"काय हो, किती पेट्या मावतील?" बाईंनी विचारले.

"पेट्या कुठल्या? पाय ठेवायला जागा नाही. सगळे कोट-टोप्या घालून बसलेत, तोंडातून वाफा निघताहेत, आणि तुमचे मास्तर हातमोजे घालून फळ्यावर लिहिताहेत!"

गोदाम काही झाले नाही. नळ दुरुस्त झाले आणि कोट परत आले. ओल्या लोकरीचा तो वास मी अजून विसरलेली नाही.

पुढे विद्यापीठ वाढतच गेले. नव्या इमारती उठल्या, दुसऱ्या शहरांतही वर्ग निघाले. नव्या कोटखोल्यांत लोखंडी खुंटाळ्या आल्या आणि मी तळघरात गेले. तिथे माझे पितळ काळवंडले. एक दिवस दोन हमाल मला भंगारात काढत होते. तेवढ्यात विद्यापीठात शिकवणाऱ्या एक बाई आडव्या आल्या.

"कुठं नेताय हिला? खाली ठेवा आधी!"

तो आवाज मी ओळखला. ताईसिया! फक्त खोकला आता नव्हता.

आता मी तिच्या खोलीत असते. माझ्या पहिल्या खुंटीवर कोणी कोट टांगत नाही. तिथे झिनाईदाबाईंची सुया टोचलेली छोटी उशी लटकते. बाई आता नाहीत, पण कोणाची नाडी तुटली की ती उशी अजूनही खाली उतरते.

मित्रांनो, तुमच्या कोटाची नाडी तुटली असेल तर आजच शिवा. आणि कुठे रिकाम्या खुंट्या दिसल्या, तर सारे संपले असे म्हणण्याआधी जिना चढून एकदा वर बघून या.