हात वर करेपर्यंत

तिनं भिंगावर काळी काच फिरवून घट्ट बसवली आणि कॅमेऱ्यात वरून डोकावून पाहिलं. मघापर्यंत त्या चौकोनात अख्खा किनारा मावला होता, उजवं डावीकडे आणि डावं उजवीकडे. आता नुसता अंधार. उजेड अडवणारी काळी काच चढवली की असंच व्हायचं. चौकट आधी ठरवायची, फोकस आधी साधायचा आणि मग शटर उघडून चार मिनिटं आंधळ्यासारखं बसून राहायचं. एका रोलवर जेमतेम बारा फोटो निघतात आणि त्यासाठी माणूस भल्या पहाटे एवढं ओझं वाहून नेतो, हे तिच्या घरात कुणाला पटलेलं नव्हतं. मामाला तर मुळीच नाही.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. सुट्टीला सगळे इथं येऊन राहिल्यापासून रोज सकाळी समुद्रात डुंबल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नव्हता. आताही तो खांद्यावर टॉवेल टाकून वाळूतून आला.

"काय फोटोमास्तर, आज तरी येणार का मी फोटोत?"

"पोहत राहिलास तर नाही येणार. एवढ्या वेळात जे हलतं ते पुसलं जातं. लाटासुद्धा दिसत नाहीत, नुसतं धुकं दिसतं."

"म्हणजे हातपाय हलवणारा गायब आणि ढिम्म उभा राहील तो अमर!" मामा खूश झाला. "चला, तुझ्या बापाचं कल्याण झालं."

बाबा दोन पावलांवरच उभे होते, चपला हातात घेऊन. त्यांना पोहता येत नसे, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मामानं ही गोष्ट त्यांना कधी विसरू दिली नव्हती. आदल्या रात्रीच जेवताना तो त्यांना 'बादलीतले खलाशी' म्हणाला होता. सगळे हसले होते, तीसुद्धा. बाबा मात्र अर्ध्या ताटावरून उठून गेले होते, आणि आईनं दूधभात नेऊन दिला तोही तसाच परत आला होता.

ते पाण्याच्या कडेकडेनं चालत निघाले आणि बरोबर चौकटीच्या मधोमध जाऊन शिंपला उचलायला थांबले.

"बाबा!" ती ओरडली. "तिथं रेंगाळू नका, डाग येईल! एकतर पुढे निघून जा, नाहीतर अजिबात हलू नका. मी हात वर करेपर्यंत!"

बाबांनी मान हलवली, चपला वाळूवर ठेवल्या आणि शाळेच्या फोटोत उभं राहावं तसे दोन्ही हात सरळ सोडून उभे राहिले. तिला हसू आलं. असू दे, तिला वाटलं, एवढ्या रिकाम्या किनाऱ्यावर एखादा माणूस बराच दिसेल. तिनं शटर उघडलं.

वारा किनाऱ्याला समांतर वाहत होता. तिपाई जराशी थरथरली तरी फोटो वाया जातो, म्हणून तिनं छत्री उघडून कॅमेऱ्याच्या अंगाला धरली, स्वतः वाऱ्याकडे पाठ केली आणि मनगटावरच्या घड्याळावर नजर खिळवली. छत्री फडफडत होती. पाण्याकडून मामाची आरोळी आली, "मेलो, मेलो!" पाण्यात शिरताना तो रोजच असं ओरडायचा, गार पाण्याचा पहिला चटका बसला की. पहिल्या दिवशी आई घाबरून पळत सुटली होती, तर हा पाण्यात उभा राहून पोट धरून हसत होता. ती छत्रीमागे गालातल्या गालात हसली. थोड्या वेळानं आरोळी पुन्हा आली, जरा तुटकी. वाऱ्यामुळे असेल. तिनं घड्याळावरची नजर काढली नाही.

वेळ भरली तसं तिनं शटर मिटलं, न बघताच हात वर केला आणि फिल्म पुढे सरकवायला वाकली. मान वर केली तेव्हा बाबा कपड्यांसकट छातीभर पाण्यात होते आणि दोन्ही हातांनी पाणी उपसल्यासारखं काहीतरी करत होते.

कोळ्यांनी मामाला बाहेर काढलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आई वाळूत बसली होती. बाबा ओल्या कपड्यांनी तिच्यासमोर उकिडवे बसले आणि दातावर दात आपटत म्हणाले, "हाक आली तसा धावलो गं मी. हिला वाऱ्यात काही ऐकू आलं नाही."

ती तोंड उघडून काही बोलणार होती. पण तेवढ्यात कुणीतरी आईला पाणी दिलं, कुणीतरी डॉक्टरांना फोन लावला, आणि बोलायचं राहिलं ते राहिलंच.

घरी परतल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आईला भावाच्या जाण्याबद्दल बोलवत नसे, पण एक वाक्य मात्र ती प्रत्येकाला सांगे. "पहिल्या हाकेला धावले हो हे. पोहता येत नाही, तरी जिवाची पर्वा केली नाही." बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तिला या वाक्याचा होता. ते ऐकताना बाबा कपातल्या चहाकडे बघत बसत. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. मामा त्यांना एवढं टोचून बोलायचा तरी यांनी किती मनाला लावून घेतलं, असं सगळे म्हणत.

रोल तिनं कितीतरी दिवस कपाटात तसाच ठेवला. शेवटी आईच एकदा म्हणाली, "दादाचा एखादा असेल बघ त्यात. धुऊन टाक ना."

मग एका दुपारी तिनं न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदानं बंद केली. रोल धुतला, वाळवला, आणि संध्याकाळी लाल दिव्याखाली तो शेवटचा फोटो मोठ्या कागदावर उतरवायला घेतला. कागद औषधात बुडवून ती तबक हळूहळू हलवत राहिली. आधी वाळू आली. मग दूरचे खडक. समुद्र जवळजवळ आलाच नाही, दुधावरची साय असते तसा पांढरा आणि सपाट राहिला. आणि मधोमध बाबा उमटले.

ते पुसट असायला हवे होते. पहिल्या हाकेला धावलेला माणूस या फोटोत फार तर सावलीएवढा उरला असता. इथे अंगाची कड रेघ ओढल्यासारखी स्पष्ट होती. बाबा चारही मिनिटं जागचे हललेले नव्हते.

हलू नका असं आपण म्हटलं होतं हे तिला आठवलं, पण ते काय, फोटोपुरतं. माणूस मरताना कुणी असलं काही पाळत बसतं का? तिला बादलीतले खलाशी आठवले, अर्ध्या ताटावरून उठलेले बाबा आठवले आणि आईच्या तोंडचं ते रोजचं वाक्य आठवलं. तिला बाबांची भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, कारण इतके दिवस ती त्या दोन आरोळ्या एकटीच पोटात घेऊन फिरत होती. ऐकून न हललेलं आणखी कुणीतरी होतं.

तिनं फोटो दोरीला चिमट्यानं अडकवला आणि कुणाला दाखवायचा नाही असं ठरवून हात पुसत बाहेर आली. पण न्हाणीघर काही तिच्या एकटीचं नव्हतं. ती स्वयंपाकघरात पाणी पीत होती तोवर आई हात धुवायला आत गेली आणि ओला फोटो दोन बोटांत धरून बाहेर आली.

"हाच का तो दिवस?"

आईनं फोटो जेवणाच्या टेबलावर ठेवला. बाबा तिथंच वर्तमानपत्र वाचत होते.

"किती शांत आलाय बघा," आई म्हणाली. "काही घडलं असेल असं वाटतसुद्धा नाही." मग तिनं चष्मा वर सरकवला. "हा खांब कसला? तिथं खांब नव्हता."

बाबांनी वाकून पाहिलं. त्यांना वेळ लागला नाही.

"खांब नाही तो. मी आहे."

"तुम्ही कसे असाल? हलणारं माणूस येत नाही ना यात? दादाला रोज सांगायची ही." आईनं तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा बाबांकडे. "तुम्ही तर धावला होतात."

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा उलगडून घातली.

"लगेच नाही धावलो. पाय उचलेनात. घाबरलो मी."

आईनं फोटो स्वतःकडे ओढला.

"आणि दादा? दादा कुठाय यात?"

ती म्हणाली, "मामा हलत होता, आई."

आईनं कोऱ्या पांढऱ्या पाण्यावरून बोट फिरवलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिचा आवाज आला तो कधी न ऐकलेला होता.

"बोलायचा तो तुम्हाला. मला कळत नव्हतं असं नाही. पण म्हणून तुम्ही उभे राहिलात? बघत?"

"तसं म्हण," बाबा म्हणाले.

ते इतक्या सहज म्हणाले, की ती चमकली. उधारीचं सामान घरी आणावं तसा त्यांनी तो आरोप घेतला होता, खरा-खोटा न बघता. तिला एकदम त्या क्षणीचा त्यांचा चेहरा बघावासा वाटला. राग होता की भीती, एवढं तरी कळेल. मोठ्या निगेटिव्हचा हाच तर गुण, काडीएवढ्या माणसालाही नाक-डोळे असतात. तिनं खणातून भिंग काढलं आणि फोटोवर ठेवून वाकली.

समुद्र डाव्या हाताला होता. तिकडे बघणाऱ्या माणसाचा कान दिसायला हवा होता. भिंगाखाली कान नव्हता. बाबांच्या चष्म्याच्या दोन्ही काचा दिसत होत्या, ऊन पडून चकाकलेल्या, अगदी सरळ समोर.

"राहू दे ते भिंग," बाबा म्हणाले. "झालं ना आता. पोरी, ठेव ते."

त्यांनी भिंग घ्यायला हात पुढे केला. तिनं दिलं नाही. तिनं ते फोटोसकट आईकडे सरकवलं.

"आई, बघ. बाबा समुद्राकडे बघतच नाहीयेत."

"मग कुठे बघतायत?"

"माझ्याकडे. मी हात वर करायची वाट बघतायत." ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं हलू नका म्हणून. आणि हाका मला ऐकू आल्या होत्या. दोन्ही. मला वाटलं, रोजचंच."

बाबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. आईनं एकदा त्या चष्म्याकडे पाहिलं, मग भिंग जवळ ओढून त्याला डोळा लावला आणि कितीतरी वेळ ती तशीच वाकून राहिली.