हत्तीचे शेपूट

चष्मेवाल्या आजोबांना आता चष्म्याचा उपयोग उरला नव्हता. लोक हळहळायच्या आधीच ते स्वतः म्हणत, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." आंधळे म्हणावे तर तसेही नव्हते. जग त्यांना दुधी काचेतून दिसावे तसे दिसे. उजेड कुठून येतो ते कळे, सावली कुठे दाट आहे ते कळे, आणि एखादी मोठी वस्तू हलली की उजेड थोडा ढवळल्यासारखा होई. कडा मात्र कशालाच नसत. झाड कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते, हा प्रश्न त्यांच्यापुरता मिटला होता.

तरी रोज सकाळी ते एकटे दुकानात जात. दुकान आता सूनबाई चालवी. ती प्रकाशाचे शास्त्र शिकलेली, हाताने नेमकी, तोंडाने कमी. नंबर काढणे आणि भिंगे घासणे तिच्याकडे होते. पण फ्रेम गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर बसवायची ती आजोबांनीच. ते बोटांनी माणसाचे कान चाचपत, नाकाचा कणा चाचपत, काडी किंचित वाकवत आणि म्हणत, "उजवा कान जरा वर आहे तुमचा. मास्तरांनी फार धरला होता वाटतं?" गिऱ्हाईक हसे. त्या हसण्यासाठी आजोबा घराबाहेर पडत.

मुलाने मात्र अट घातली होती. "बाबा, एकटे जा, माझी ना नाही. पण एकदा जरी वाट चुकलात, तर मग सोबतीला माणूस ठेवायचा. कबूल?"

"कबूल," आजोबा म्हणाले होते. सोबतीचा माणूस म्हणजे काय, हे ते जाणून होते. आधी दंड धरून "हळू, हळू" म्हणणारा, मग "आज राहू द्या ना, ऊन फार आहे" म्हणणारा. मग एक खुर्ची, एक खिडकी आणि खिडकीतला दुधी उजेड.

वाट तशी सोपी होती. घरातून निघून फुटपाथने सरळ जायचे, डावीकडे बोळ लागला की आत वळायचे. बोळात भिंगे घासायच्या मशीनची घरघर ऐकू येई, ओल्या काचेचा वास येई, की आलेच दुकान. पण बोळाच्या अलीकडे हत्ती बसला होता.

हत्ती म्हणजे एक भलीमोठी मोटार. समोरच्या इमारतीतल्या गृहस्थांनी ती तिथे आणून लावली होती, डावी चाके फुटपाथवर चढवून आणि उजवी रस्त्यावर ठेवून. "पाचच मिनिटं," असे ते तेव्हा म्हणाले होते. पुढे त्यांनी नवी गाडी घेतली, तिला इमारतीत जागा मिळाली, आणि जुनीवर राखाडी खोळ चढली. खोळ वाऱ्याने उडू नये म्हणून मागच्या टोकाला दोरी बांधून ती दिव्याच्या खांबाला आवळली होती. खोळीवर पाने साचली, धूळ साचली. एक मांजरी छपरावर राहायला आली.

आजोबांनी एकदा त्या गृहस्थांना हटकले होते. वरच्या गॅलरीतून उत्तर आले, "आजोबा, जरा बाजूनं जा ना! एवढा रस्ता पडलाय!"

"रस्ता पडलाय खरा," आजोबा वर तोंड करून म्हणाले, "मी पडू नये म्हणून विचारतोय."

गॅलरीचे दार लागले.

सूनबाईने मग शहराच्या वाहतूक खात्याकडे तक्रार केली. मोबाइलवर उत्तर आले : "स्थळपाहणी केली. वाहन आढळले नाही." तिने फोटो पाठवला. मग एक साहेब खरोखरच आले, हत्तीभोवती फिरले आणि म्हणाले, "मॅडम, रस्ता आमच्याकडे. फुटपाथ नगरपालिकेकडे. उजवी चाकं आमची म्हणा हवं तर." नगरपालिकेतल्या बाईंनी सांगितले, फुटपाथ आमचाच, पण गाड्या उचलणे आमच्याकडे येत नाही. पुन्हा तक्रार, पुन्हा स्थळपाहणी. शेवटी एक दिवस खात्याने कडक कारवाई केली. बेकायदा उभ्या असलेल्या त्या गाडीच्या चाकाला लोखंडी जॅमर ठोकला, म्हणजे आता ती कुणाला हलवायची म्हटली तरी हलणार नव्हती.

"झालं," आजोबा जेवताना म्हणाले, "हत्तीला साखळदंड पडला. आता तो जन्माचा आपला."

सूनबाई हसली नाही. हत्तीपाशी बाबांना फुटपाथ सोडून रस्त्यात उतरावे लागते, त्यांच्या कोपराला घासून गाड्या जातात, हे तिने दुकानाच्या पायरीवरून वाकून कितीदा पाहिले होते. ती तक्रारी करत राहिली, भिंग घासावे तशी, न कंटाळता.

तिला माहीत नव्हते ते एवढेच, की आजोबांचे आणि हत्तीचे जमले होते.

त्या रस्त्यावर बाकी काहीच जागेवर नसे. आज जिथे दुचाकी लावलेली, तिथे उद्या मालाचा टेम्पो. रोज नवे गाव. त्या साऱ्या हलत्या, विरघळत्या उजेडात एकच सावली रोज त्याच जागी भेटे. खांबापाशी ते दोरी चाचपत, तिच्या मोठ्या ओबडधोबड गाठीला "राम राम" म्हणावे तसे दाबत, रस्त्यात उतरत आणि डावा हात हत्तीच्या कुशीवर ठेवत. सकाळच्या उन्हाने खोळ कोमट झालेली असे. वारा आला की ती फुगे आणि खाली बसे, जणू आत कुणी झोपेत श्वास घेत आहे. "गोष्टीत आंधळे पुष्कळ आणि हत्ती एक," आजोबा पुटपुटत. "इथे मी एकटाच. त्यामुळे भांडण नाही." चालता चालता ते त्याला घरच्या गोष्टी सांगत. छपरावरून मांजरी उत्तर देई. कूस संपून सोंड आली, की फुटपाथवर चढायचे आणि डावीकडे वळायचे. तिथे बोळ उघडे. हत्तीच्या आडोशातली दबकी शांतता संपे आणि गालावर एकदम गार हवा लागे.

त्या दिवशी सकाळी आजोबा नेहमीसारखे निघाले. हवा मऊ होती, उजेड दाट साईसारखा. अंगाच्या सवयीने पाय आपोआप फुटपाथवरून खाली उतरला. गाठ चाचपायची राहिली, कारण मन एका गिऱ्हाइकाच्या नाकात गुंतले होते. डावा हात पुढे गेला.

हात पुढे जातच राहिला.

तिथे कूस नव्हती, ऊब नव्हती. आजोबांना वाटले, अजून यायचा असेल. दोन पावले, आणखी दोन. सावली नाही. उजेडच उजेड, सगळीकडे सारखा, तळ्यात गळ्यापर्यंत उतरल्यासारखा. काठीचा टकटकाट कुठल्या तरी लांबच्या भिंतीवर आपटून परत येऊ लागला. ती भिंत त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. कुणीतरी रात्रीत रस्ता उचलून त्याच्या जागी मैदान पसरले होते, आणि त्या मैदानात ते एकटेच चालत होते, किंवा तरंगत होते, सांगता आले नसते. क्षणभर ते छानही वाटले. पावलांना वजन नव्हते.

मग कानाशी हॉर्न किंचाळला, ब्रेक करकरले. "ओ आजोबा! डोळे घरी विसरलात का?"

एरवी ते म्हणाले असते, "दुकानात ठेवलेत, तेच आणायला चाललोय." आज ते दचकून बाजूला सरले, कशाला तरी अडखळले, गुडघा टेकला, तळहात खरचटला. गाडी निघून गेली. बोळ मागे राहिला की पुढे आहे? आपण कुणीकडे तोंड करून आहोत? खिशात मोबाइल होता. सूनबाईला नुसते "ये" म्हटले असते तर ती धावत आली असती. पण ते "ये" म्हणजेच वाट चुकणे. त्यांना खुर्ची दिसली, खिडकी दिसली, अगदी कडांसकट.

त्यांनी मोबाइल खिशातच राहू दिला. काठीने फुटपाथची कड शोधली आणि तिच्या धारेने, आलो असू त्या दिशेने, परत सरकू लागले. बऱ्याच वेळाने काठी कशात तरी अडकली. मऊ, लोंबते. ओढले तर सुटेना. ते वाकले, हाताने चाचपले.

दोरी. तिचे एक टोक कापलेले, केसाळ झालेले. दुसरे टोक खांबाला, आणि खांबावर तीच ओबडधोबड गाठ.

आजोबा मटकन फुटपाथवर बसले आणि हसू लागले. हत्ती गेला होता, शेपूट राहिले होते! म्हण त्यांनी जन्मभर वापरली होती, पण कुणाच्या हातात शेपूट खरोखर येईल असे वाटले नव्हते.

मग ते उठले. शेपूट इथे, म्हणजे सोंड तिकडे. त्यांनी गाठीला पाठ लावली, आणि रस्त्यात उतरून डावा हात हवेत बरोबर त्या उंचीवर धरला. इथे पाठीमागचा फुगवटा. इथे खोळ जरा फाटली होती. इथे मांजरी बोले. नसलेल्या हत्तीच्या नसलेल्या कुशीवरून हात फिरवत ते सावकाश चालत गेले. तळहाताला ऊबही लागली, निदान त्यांना तसे वाटले. कूस संपली. सोंड आली. ते फुटपाथवर चढले, आणि गालावर गार हवा लागली.

दुकानात मशीनची घरघर थांबली. "बाबा!" सूनबाईचा आवाज कधी नव्हे तो उडत होता. "खात्यानं सकाळीच गाडी उचलून नेली! मी मुद्दाम सांगितलं नाही तुम्हाला. म्हटलं, चालताना कळू दे. कसं वाटलं? मोकळं?"

"फारच मोकळं," आजोबा म्हणाले. "हत्ती गेला, शेपूट राहिलं."

ती हसली, आणि मग तिला गुडघ्यावरची माती दिसली. तिने त्यांना बसवले, हात धुतला, सगळे ऐकून घेतले.

"चुकलं माझं," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"वाट मी चुकलो आणि चूक तुझी? छान वाटणी आहे. संध्याकाळी तुझ्या नवऱ्याला सांगायला हवं. शब्द दिलाय."

"पण तुम्ही इथं आलात ना, बाबा? आपले आपण. मग हा नुसता उशीर झाला."

"सूनबाई, भिंगाच्या नंबरात तू अशी सूट देतेस का गं?"

ती उठून मशीनकडे वळली.

संध्याकाळी आजोबांनी मुलाला सगळे सांगितले, हॉर्नसकट. मुलगा ताटात बघत राहिला. "म्हणजे गाडी बेकायदा उभी होती तोवर तुम्ही कधी चुकला नाहीत," तो म्हणाला, "आणि कायदा आला, त्याच दिवशी चुकलात." त्याला हसावे की रागवावे कळेना. "ती दोरी जरा लांब करता येईल का?"

"म्हणजे?"

"म्हणजे सोबतीला माणूस हवा असं ठरलं होतं. दोरी चालेल का ते आधी बघू."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद केल्यावर सासरे-सून जाड, नवी दोरी घेऊन तिथे गेले. बघतात तो मोकळ्या जागेत एका गाडीने तोंड खुपसलेलेच होते.

"पाचच मिनिटं हो, ताई," आतला माणूस म्हणाला.

"आधीचेही पाचच मिनिटांसाठी आले होते," सूनबाई शांतपणे म्हणाली. "त्यांच्या छपरावर मांजरी व्याली."

माणसाने एकदा तिच्याकडे, एकदा आजोबांकडे पाहिले आणि गाडी मागे घेतली. सूनबाईने जुन्या गाठीशेजारी नवी गाठ मारली, फुटपाथच्या कडेने दोरी ताणत नेली आणि बोळाच्या तोंडाशी दुसऱ्या खांबाला बांधली. त्या खांबावर वर "येथे वाहने उभी करू नयेत" अशी पाटी होती. हत्ती इतके दिवस तिच्याखालीच झोपला होता. दोरी आजोबांच्या हाताच्या उंचीवर आली. आता ते रस्त्यात न उतरता तिला धरून चालत, आणि दोरी होती म्हणून कुणाची चाके फुटपाथवर चढत नसत.

गॅलरीतल्या गृहस्थांना ते रुचले नाही. फुटपाथवर विनापरवाना दोरी बांधली आहे, अशी त्यांनी खात्याकडे तक्रार केली. साहेब आले. दोरी जिथे बांधली होती, तिथेच टेकून उभे राहिले, घाम पुसला आणि निघून गेले. काही दिवसांनी गृहस्थांनी चष्मा सावरत तावातावाने दुकानात येऊन आपला मोबाइल सूनबाईपुढे धरला. तिने आजोबांना मोठ्याने वाचून दाखवले :

"स्थळपाहणी केली. दोरी आढळली नाही."

आजोबांनी हातातली फ्रेम खाली ठेवली. "बसा ना," ते गृहस्थांना म्हणाले, आणि त्यांचे कान चाचपायला दोन्ही हात पुढे केले. "आलाच आहात तर चष्मा जरा सरळ करून देतो. डावीकडे फार झुकलाय."