रानाचा मालक

बोरगावच्या यशवंतरावांनी सकाळीच दाढी केली, तेव्हाच शकुबाई समजल्या की आज घरी कोणीतरी बडं माणूस येणार. खाजगी रानांच्या मालकांना काय हवंय ते विचारून सरकार जंगलाचं नवं धोरण ठरवणार होतं, आणि त्या सर्वेक्षणासाठी सौंसरची वृषाली गावोगाव फिरत होती. आजवर यशवंतरावच सरकारला विचारत आले होते. सरकार त्यांना पहिल्यांदाच विचारणार होतं. एवढं भाग्य एकट्याला पेलवेना, म्हणून शेजारच्या दिलीपलाही त्यांनी बाजेवर आणून बसवलं.

त्यांचं उत्तर पाठ होतं. नाल्याकाठचं त्यांचं साग-मोहाचं रान काढून तिथे संत्रा लावायचा होता. हेलपाटे घालून परवानगी मिळवली होती; पोळा झाला की जेसीबी येणार होता. त्या हेलपाट्यांबद्दल सरकारला चार शब्द सुनवायची संधी ते सोडणार नव्हते.

चहा झाला. वृषालीनं उत्तरं भरायला मोबाइल काढला.

"काकाजी, शकुबाईंना बोलवा ना."

"तिचं काय काम? रान माहं हाय."

"कागदावर त्यांचं आहे. मालकालेच विचाराले सांगितलं आहे आम्हाले."

बाईच्या नावानं रजिस्ट्री स्वस्त पडते म्हणून रान घेताना त्यांनीच ते बायकोच्या नावावर केलं होतं. रजिस्ट्रीवर आणि पुढे परवानगीच्या अर्जावर तिची सही घेतली, एक लुगडं दिलं, विषय संपला, अशी त्यांची समजूत. दिलीपनं हसू लपवायला रिकामाच कप तोंडाला लावला.

शकुबाई हात पुसत उंबऱ्याशी येऊन बसल्या.

"रानातून तुम्हाला काय मिळतं?"

"सरपन, मोह, चारोळी..." यशवंतराव सुरू झाले.

"काकाजी, तुम्ही नाही."

शकुबाईंनी रानाच्या दिशेनं पाहिलं. मग म्हणाल्या, "माही माय गेली तवा घरात पावने होते. सैपाक टाकून रडावं कुठं? मंग रानात जाऊन रडली मी. मोहाखाली."

यशवंतरावांना तो दिवस आठवला. सरपणाला एवढा वेळ लागतो का, म्हणून पाहुण्यांदेखत ते तिच्यावर ओरडले होते. त्यांना फार वाईट वाटलं.

"हे रान काढून शेती करायचा विचार आहे का?"

यशवंतरावांनी मान हलवून, भुवया उडवून शकुबाईंना हो म्हणायची खूण केली. शकुबाईंनी ती नीट पाहिली.

"मले आजवर कोनं इचारलंच नाही, बाई. आता तू इचारून राहिली तं आयक. नाही. रान राहू द्याचं हाय."

"आणि रानाचे निर्णय घरात कोण घेतं?"

आता दिलीप पुढे सरकून बसला. उद्या गावभर काय होणार ते यशवंतरावांना दिसू लागलं. शकुबाईंनी नवऱ्याच्या गुळगुळीत दाढीकडे एकदा पाहिलं.

"आमी दोघं मिळून घेतो," त्या म्हणाल्या, आणि कप उचलून आत गेल्या.

त्या खरं बोलल्या असत्या तर यशवंतरावांना भांडता तरी आलं असतं.

वृषाली गेल्यावर त्यांनी जेसीबीवाल्याला फोन लावला. "मशीन नको आनू. मालक नाही म्हनून राहिला."

"काकाजी, मालक तं तुमीच ना?"

दिलीप अजून बाजेवरच होता, कान टवकारून. यशवंतरावांनी त्याच्यादेखतच सांगितलं, "नाही. शकुबाई हाय."