भिंगरी सापडली नाही

भिंगरी नाहीशी झाली आणि गावाला बोलायला दुसरा विषय उरला नाही. मैत्रिणींबरोबर नाटकाला गेली, नाटकानंतर सगळ्याजणी कॉफी प्यायला बसल्या, पोट धरधरून हसल्या, आणि चौकात ‘येते गं’ म्हणून ती जी वळली ती घरी पोचलीच नाही. कुणी म्हणे नदी जवळ केली, कुणी म्हणे नाटकवाल्यांनी पळवली. नाटकातल्या राजपुत्राला तर फौजदारांनी दुसऱ्या दिवशी चौकीत नेऊन बसवलं. बिचाऱ्याला गालावरचा रंग धुवायचीही सवड मिळाली नव्हती.

तिला पळवलं होतं तिच्या सख्ख्या मावशीने.

मावशीचं नाटकमंडळीसाठी केसांचे टोप करायचं दुकान होतं. चौकातून वळलेली भिंगरी तिथेच मागच्या दाराने आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, “काप.” गुडघ्यापर्यंत वेणी होती पोरीची. सारं गाव तिला त्या वेणीवरून ओळखायचं. पहाटेच्या पहिल्या बसमध्ये चढला तो मात्र आखूड केसांचा, ढगळ कोटातला कुणी कारकून.

तिचे वडील गेल्यापासून घराचा कारभार काकांकडे होता. त्यांनी लाकडाच्या वखारीतल्या आपल्या भागीदाराशी तिचं लग्न ठरवलं. भागीदार काकांच्याच वयाचा, गुडघ्यांना रोज तेल लावणारा. भिंगरी नको म्हणाली तेव्हा खोलीला बाहेरून कडी बसली. मग एके दिवशी ती ‘बरं’ म्हणाली, आणि काका असे काही खूश झाले की नाटकाला जायची परवानगी त्यांनी आपणहून दिली. तिला दूरच्या बंदरावर बोट चालवायला शिकायचं होतं. तिथल्या शाळेत जागाही मिळाली होती. वर्षभरात हातात सनद पडणार होती, आणि तोवर ती सज्ञान होणार होती. मग काकांना काही करता आलं नसतं. तेवढं वर्ष तिचा पत्ता लागता कामा नये, एवढंच.

म्हणून मावशीने ताईलाही सांगितलं नाही. ताई म्हणजे भिंगरीची आई, मावशीची थोरली बहीण. जीव लावावा तर तिने. पण तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. कुणासाठी गुपचूप भेटवस्तू आणली तर जिन्यावरूनच ओरडून रंग सांगायची. तिला कळलं की संध्याकाळपर्यंत काकांना कळणार. ताई रोज येऊन रडायची आणि मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत मूग गिळून बसायची. रात्री तिला घास गोड लागत नसे.

सगळं नीट पार पडलं असतं. पण टोप करणाऱ्या बाईने करायची तीच चूक मावशीने केली. ते केस जाळायचे होते. बंबासमोर ती दोनदा वेणी घेऊन उभी राहिली आणि दोनदा परत फिरली. इतके लांब, इतके दाट, कधी रंग न लागलेले केस तिने साऱ्या आयुष्यात हाताळले नव्हते. पुढच्या नाटकातल्या राणीसाठी टोप हवाच होता. शेवटी तिने ते धुतले, विंचरले, मुळांकडची टोकं एका बाजूला जुळवली आणि आकड्याने जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवू लागली. भिंगरीच्या डाव्या कानामागे जन्मापासून एक तांबूस बट होती, वेणीत दडलेली, घरच्यांपलीकडे कुणाला माहीत नसलेली. हाताच्या सवयीने मावशीने ती जिथली तिथे बसवली. टोप लाकडी डोक्यावर चढवून काचेच्या कपाटात ठेवला आणि स्वतःवरच खूश होऊन पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फौजदार आले. बरोबर काका. मागून डोळे पुसत ताई.

“बाई, नाटकवाल्यांचं येणं-जाणं तुमच्याकडे असतं म्हणे,” फौजदार म्हणाले.

“असतं की. त्यांच्यातल्या निम्म्यांना टक्कल आहे, साहेब.”

“विनोद पुरे,” काका गुरगुरले. “आमची पोर हिच्याच नादाने बिघडली. लग्न नाही, संसार नाही, दिवसभर मेल्या केसांत बोटं घालून बसायचं!”

“जिवंत केसांत घालायला तुमच्या डोक्यावर उरलेत कुठे, भावोजी?”

फौजदारांनी मिशीआड हसू दाबलं आणि मागची खोली बघायला गेले. काकाही त्यांच्या मागोमाग. मावशी दारात उभी राहून त्यांच्यावर नजर ठेवून होती. वळून पाहते तर ताईने कपाट उघडलेलं!

ताई टोपावरून हात फिरवत होती, जशी लहानपणापासून लेकीच्या केसांवरून फिरवायची. बोटं डाव्या कानापाशी आली, वरचे केस बाजूला झाले आणि तांबूस बटेपाशी ती थांबली. ताईने मान वर केली. दोघी बहिणींची नजर एक झाली. आता ही किंचाळणार. आणि बंदरावरची पोर उद्या संध्याकाळी कडीच्या आत.

फौजदार आणि काका बाहेर आले. “वहिनी,” काका म्हणाले, “काय झालं? चेहरा असा का पडला?”

ताईने वरचे केस सारखे केले. मग जो गळा काढला, तो समोरच्या गल्लीतली माणसं खिडकीत येईपर्यंत.

“माझ्या पोरीचे केस आठवले हो! असेच होते! साहेब, लिहून घ्या, गुडघ्यापर्यंत वेणी. नीट लिहा. एवढा एवढासा शेंडा कापायचा म्हटलं तरी थैमान घालायची. मरेल पण केस कापणार नाही माझी पोर! तुम्ही आखूड केसांच्या बायांकडे बघूसुद्धा नका, उगाच वेळ जायचा. वेणी शोधा, वेणी!”

“शोधतो, शोधतो,” फौजदार घाबरून म्हणाले आणि भराभरा लिहू लागले. “लांब केसांची प्रत्येक मुलगी तपासायला सांगतो. पार सरहद्दीपर्यंत!”

“तुम्हीपण जा ना, भावोजी,” ताई हुंदके देत म्हणाली. “साहेबांना वाट दाखवा. मी जरा बसते.”

दोघे गेले. ताईने दाराला कडी लावली, पदराने तोंड पुसलं आणि स्टुलावर बसली.

“ताई, मी तुला...”

“थांब. कुठे आहे ते सांगू नकोस. मी स्वतःला ओळखते.” “पोटभर जेवते का, एवढंच सांग.”

“जेवते. अंगाने भरलीये म्हणे.”

“सुखात आहे?”

“इतकी, की दोन ओळींपलीकडे लिहायला तिला वेळ नसतो.”

ताई हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मग उठून बहिणीच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. “हा मला न सांगितल्याबद्दल!” आणि लगेच तिला घट्ट मिठी मारली.

ते वर्ष ताईने जे निभावलं ते मावशी थक्क होऊन बघत होती. काका कुठे नवा माग लागला म्हणाले की ताई आधी रडायची आणि मग बोट दाखवायची ती नेमकी उलट्या दिशेला. डोंगरातल्या एका गावाला तर तिने त्यांना तीनदा पाठवलं. भागीदाराने वाट बघून बघून दुसरीकडे लग्न केलं. नाटकमंडळींनी राजपुत्राला पगारवाढ दिली, कारण चौकीत बसून आल्यापासून त्याला बघायला तोबा गर्दी होत होती.

आणि एका सकाळी मावशी धावतच ताईच्या घरी आली. सनद मिळाली! ताईने जेवणारे काका समोर असतानाच पिशवी भरायला घेतली.

“कुठे निघालात, वहिनी?”

“लेकीकडे.”

काकांचा घास हातातच राहिला. “सापडली?”

“हरवली कधी होती? माझी पोर बोट चालवते, भावोजी. सज्ञान आहे, सनदी आहे. फौजदारांना सांगायचं असेल तर खुशाल सांगा. डोंगरात तीनदा कुणी पाठवलं, तेही सांगा.”

काकांनी कुणालाच काही सांगितलं नाही. त्यांची इभ्रत आड आली. त्यामुळे फौजदारांच्या दप्तरी ते प्रकरण तसंच राहिलं. तपास चालू, मुलगी बेपत्ता.

बंदरावर दोघी बहिणी उतरल्या तेव्हा ऊन चढलं होतं. पांढऱ्या बोटीच्या वर, सुकाणूपाशी, भिंगरी उभी होती. वाऱ्याने आखूड केस विस्कटलेले, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. आईला पाहिलं आणि तिने भोंगा वाजवला, असा लांबलचक, की धक्क्यावरचे सगळे पक्षी एकदम उडाले.

“अगं, लोक बघतायत!” ताई खालून ओरडली.

“बघू देत!” वरून उत्तर आलं. “चढ लवकर, आई. बोट सुटायची वेळ झाली, आणि ती माझ्या हुकमाने सुटते!”